पाणी प्या, म्हणाली नजवा

नजवा,

आपण दोघी इंग्रजीत बोलायचो. तुझ्या इंग्रजीत निम्मं फ्रेंच, माझ्या इंग्रजीत मराठीचे हेल, आणि त्या भाषेत तू आणि तुम्ही एकच, त्यामुळे तुला काय म्हणायचं हे मला कधी ठरवावंच लागलं नाही. आज मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. गडहिंग्लजला तुझ्या वयाच्या बाईला मी 'अहो काकू' म्हटलं असतं. पण आईला आपण 'अगं'च म्हणतो, आणि तू रागावलीस की मला आईच आठवायची. म्हणून तू.

इनेसने सगळ्यांना तुझ्याबद्दल काहीतरी लिहायला सांगितलंय, ज्याच्या त्याच्या भाषेत. तुझी लेक तुझ्यासारखीच आहे. मी म्हटलं, मराठी कोण वाचणार? ती म्हणाली, "तू मोठ्याने वाच, आम्ही ऐकू." तर हे ऐकायला तू तिथे असशील असं धरून लिहिते.

अप्पर हटच्या बस डेपोत मी आले तेव्हा थंडीचे दिवस होते आणि बसच्या काचांवर बर्फाचा पापुद्रा धरलेला असायचा. मी ऑकलंडहून आलेली, बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा घेतलेली, तिथल्या हेन्डरसन उपनगरातल्या सुपरमार्केटात उभं राहून पाय सुजवून घेतलेली मुलगी. मोठ्या गाडीचं लायसन्स नवंकोरं होतं. डेपोत सगळ्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव कापून अ‍ॅश केलं. तू तेवढी 'अश्विनी' म्हणालीस, दोनदा विचारून, नीट. मग शेजारी उभी राहून तू मला रूट शिकवलास. म्हातारी माणसं बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. शाळेच्या पोरांना पहिल्याच दिवशी हसून दाखवायचं नाही, दुसऱ्या दिवशी दाखवायचं. लोक उतरताना 'थँक यू ड्रायव्हर' म्हणतात, त्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं, कारण दिवसभर माणसांत राहूनसुद्धा हे काम एकट्याचं आहे. ते सगळं मी पाठ केलं. शेवटी तू माझ्या पाण्याच्या बाटलीकडे बघितलंस. ती सकाळी होती तशीच भरलेली होती. तू विचारलंस, तहान लागत नाही का? मी म्हटलं, नाही.

तहान लागायची गं. पण डोंगराच्या पायथ्याच्या आपल्या शेवटच्या स्टॉपवर काय होतं? एक शेड, एक दिव्याचा खांब आणि मागे काटेरी झुडपं. पुरुष ड्रायव्हर झुडपांमागे जायचे. आपण कुठे जायचं? आमच्या शाळेत मुलींसाठी एकच टॉयलेट होतं आणि त्याला कडी नव्हती. घरातून निघताना पाणी न पिणं ही गोष्ट मी सहावीतच शिकले होते. त्यात मला काही अन्याय वगैरे वाटत नव्हता. उलट आपल्याला हे जमतं याचा थोडा अभिमानच होता.

दुसऱ्या हिवाळ्यात तो अभिमान उतरला. त्या दिवशी सकाळपासून कंबर दुखत होती. ट्रेनमधून उतरलेली माणसं घेऊन मी निघाले आणि वाटेतच इतकी थंडी भरली की स्टिअरिंगवर हात थरथरायला लागले. कशीबशी फेरी पूर्ण केली. डेपोत तू होतीस. कपाळाला हात लावलास आणि कुणाला न विचारता तुझ्या गाडीत घालून मला हॉस्पिटलात नेलंस. किडनीला इन्फेक्शन झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी पाणी किती पितेस असं विचारलं, तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं आणि तू खिडकीबाहेर बघत राहिलीस.

सलाइन चालू असताना तू मला बिल्ल्याची गोष्ट सांगितलीस. ट्युनिशियात समुद्राकाठच्या तुझ्या गावात जीन्सचा कारखाना होता. तू झिपा लावायचीस. एका रांगेत तीसेक मुली, आणि सुपरवायझरच्या टेबलाशी खिळ्याला टांगलेला एक लाकडी बिल्ला, दोरी ओवलेला. टॉयलेटला जायचं तर तो बिल्ला गळ्यात घालून जायचं. एकच बिल्ला. एक मुलगी आली की दुसरीने जायचं, आणि सुपरवायझरने हो म्हटलं तर. सगळ्या हॉलला दिसायचं कोण उठली, किती वेळाने आली. मुलींना म्हणे लग्नाचं सामान जमवायला कामाला येणाऱ्या पोरी समजायचे, कामगार नाही. आज आहेत, उद्या सासरी जातील, त्यांचं काय एवढं.

मोनिया तुझ्या शेजारच्या मशीनवर होती, पोटुशी. एके दिवशी तिने दोनदा बिल्ला मागितला आणि सुपरवायझरने दोन्ही वेळा नाही म्हटलं. ती मशीनवरच बसून राहिली आणि तिचे कपडे ओले झाले. सगळ्यांसमोर. तू सांगितलंस की ती रडली नाही, फक्त पुढची पँट घेऊन तिला झिप लावत राहिली. ते बघून तुला काहीतरी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली आणि तुमच्या रांगेतल्या एकीनेही मशीन चालू केलं नाही. मग पुढच्या रांगेने. मग सगळ्या हॉलने. तू म्हणालीस, मशीनं थांबल्यावर तिथे समुद्र ऐकू येतो, हे इतक्या वर्षांत कुणाला माहीतच नव्हतं.

कापड कापणारे आणि धुणारे पुरुष होते, ते दुसऱ्या दिवशी तुमच्यात आले. तुम्हाला किती आनंद झाला होता. गावातल्या युनियनच्या ऑफिसातून माणसं आली. त्यांनी पुरुषांना एका बाजूला घेतलं आणि मागण्या लिहायला घेतल्या. तुम्हाला सांगितलं, पोरींनो, संध्याकाळी तुम्ही घरी जा, कारखाना आम्ही राखतो. तुम्ही गेला नाहीत. तुझा भाऊ तुला न्यायला आला, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. गेटच्या आतून तू त्याला एवढंच म्हणालीस की मोनिया तुझी बहीण असती तर तू आज कुठल्या बाजूला उभा असतास? तो निघून गेला आणि कितीतरी दिवस तुझ्याशी बोलला नाही. ज्याच्याशी तुझं लग्न ठरलं होतं त्याच्या घरून निरोप आला, बाहेर रात्री काढलेली मुलगी नको. तुझ्या वडिलांनी तो निरोप ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः गेटवर भाकऱ्या आणून दिल्या. त्यांच्याबद्दल बोलताना तुझा आवाज बदलायचा.

संप मिटला. थकलेला पगार मिळाला, सणाचा बोनस मिळाला. करारावर सह्या करायला एकही बाई नव्हती. सुपरवायझरला दुसऱ्या रांगेवर हलवलं. बिल्ला खिळ्यावर तसाच राहिला. युनियनच्या माणसाला तू जाऊन विचारलंस तेव्हा तो म्हणाला, आमची पहिली मागणी संडासाची आहे असं आम्ही मालकाला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

मी सलाइन लावलेल्या हातानिशी उठून बसले. मी म्हटलं, अशा युनियनच्या तोंडावर राजीनामा मारायला हवा होतास. तू म्हणालीस की तू त्याच आठवड्यात कमिटीसाठी नाव दिलंस. पडलीस. परत दिलंस. कितीतरी वर्षांनी निवडून आलीस आणि मग तो बिल्ला खिळ्यावरून निघाला.

"तोवर मोनियाची लेक शाळेत जायला लागली होती," तू म्हणालीस, मी टोमणा मारायच्या आधीच.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते अजून संपलेलं नाही. ज्यांनी तुमचा संप घेऊन टाकला, त्यांच्यातच तू आयुष्य का घातलंस? वेगळी बायकांची संघटना का काढली नाहीस? तू म्हणायचीस, ते माझं घर आहे, मी का बाहेर पडू? मी म्हणायचे, घर असेल, पण स्वयंपाकघराच्या पुढे तुला कुणी येऊ देत नव्हतं. तू हसायचीस. तुला राग यायचा तो मी दमून विषय बदलला की.

आपल्या डेपोत त्या वर्षी कराराची बोलणी होती. ग्रॅहम आपला मुख्य डेलिगेट, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलणारा. तीस वर्षं बस चालवलेला, मिशा पिवळ्या पडलेला, मनाने चांगला माणूस. मी आजारी होते तेव्हा माझ्या दारात सूपचं भांडं ठेवून गेलेला. शेवटच्या स्टॉपवर टॉयलेट ही मागणी त्याच्या यादीत होतीच, सगळ्यात खाली. दर वेळी ती तिथेच असायची आणि शेवटच्या दिवशी गळायची. तू म्हणालीस, ती वर घे. तो म्हणाला, वरच्या मागण्या सगळ्यांच्या असतात. तू आवाज न चढवता विचारलंस, "बायका सगळ्यांत धरत नाहीस का तू?" तो हसला. मग कुणी हसत नाही हे बघून थांबला. तरी मागणी खालीच राहिली.

पुढच्या सोमवारी तू ड्रायव्हरच्या खोलीत आम्हा सगळ्या बायकांना बोलावलंस. आम्ही फार नव्हतो, एका टेबलाभोवती मावलो. मला वाटलं तू संपाबद्दल बोलशील. तू म्हणालीस, पाणी प्या. डॉक्टर सांगतात तेवढं. आणि लागली की जा. योग्य जागी गाडी उभी करा, माणसांना सांगा, पेट्रोल पंपावर जा, कोपऱ्यावरच्या दुकानवाल्याला विचारा, या आणि पुढे निघा. कुणी विचारलं तर खरं सांगा. यात नियम मोडण्यासारखं काहीच नाही, हे तू आधी वकिलाला विचारून आली होतीस.

मी पहिल्या दिवशी गाडीतल्या माणसांसमोर उभी राहिले. 'दोन मिनिटांत येते' एवढंच म्हटलं. परत आले तेव्हा रेडिओवर कंट्रोल रूम विचारत होती, उशीर का. रेडिओ सगळ्या गाड्यांत ऐकू जातो. मी म्हटलं, पर्सनल कारण. दुपारी तू मला बाजूला घेतलंस. म्हणालीस, आपण हे लपवतो म्हणून ते यादीत खाली राहतं. त्या संध्याकाळी रेडिओवर पुन्हा विचारणा झाली आणि मी म्हटलं, "टॉयलेटला गेले होते. शेवटच्या स्टॉपवर ते नाही, म्हणून अलीकडे थांबले." पुढच्या सीटवरच्या पिशवीवाल्या आजी म्हणाल्या की इतकी वर्षं मी या बसने जाते, मला नेहमी वाटायचं की या पोरी जातात कुठे.

आठवडाभर गाड्या उशिरा धावल्या. ट्रेन चुकलेली माणसं चिडली, ती चिडून ऑफिसला फोन करायला लागली. आणि मग एका दुपारी रेडिओवर ग्रॅहमचा आवाज आला. म्हणाला, पंचेचाळीस मिनिटांची फेरी आणि माझं वय साठ, मीसुद्धा थांबलोय. त्याच्यामागून एकेक जण बोलायला लागला. डेपोत आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तुझ्याकडे बघितलं तर तू खुश होतीस आणि त्याच वेळी अस्वस्थ. मला कळलं तुला काय आठवतंय. तिथेही पुरुष दुसऱ्या दिवशी आले होते.

कंपनीने मीटिंगला बोलावलं. ग्रॅहम टाय बांधून आला. तू त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलंस आणि सांगितलंस, "आत तू, मी आणि अश्विनी जाणार, आणि पहिलं अश्विनी बोलणार." ग्रॅहमने माझ्याकडे बघितलं. मी तर भिंतीत शिरायला जागा शोधत होते. मला असं बोलण्याची सवय नव्हती गं. आमच्याकडे डॉक्टरलासुद्धा 'बाथरूमचा त्रास' म्हणतात. आणि इथे समोर तीन अनोळखी पुरुष, एकाच्या हातात लॅपटॉप. तू म्हणालीस, "तुला जमलं नाही तर मी आहे. पण आधी तू."

मी म्हटलं, "मी कामावर पाणी पीत नव्हते, कारण तुमच्या शेवटच्या स्टॉपवर मला लघवीला जायला जागा नाही. त्यातून माझ्या किडनीला इन्फेक्शन झालं. त्या दिवशी अंगात ताप होता, हात थरथरत होते, आणि मागे भरलेली बस होती."

लॅपटॉपवाल्याचे हात थांबले. ग्रॅहम बोलायला तोंड उघडणार होता, तू टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवलास. मला ते नंतर त्यानेच सांगितलं. शांतता तू लांबू दिलीस. मग त्यांच्यातलाच मधला माणूस म्हणाला की हे आम्हाला कुणी असं सांगितलं नव्हतं.

महिन्याभरात शेवटच्या स्टॉपवर टॉयलेटची एक छोटी केबिन आली, किल्ली प्रत्येक ड्रायव्हरकडे. वेळापत्रकात पाच मिनिटं वाढली. नदीपलीकडच्या रूटच्या टोकाला अजून काही नाही, त्यासाठी अजून भांडतोय. पण पहिल्यांदा त्या केबिनचं दार आतून लावलं तेव्हा मी तिथे उगाच जरा जास्त वेळ उभी राहिले. बाहेर आले तर तू तुझ्या गाडीतून मला हात करत होतीस.

आई आली त्या उन्हाळ्याची गोष्ट तर इनेसला कितीदा सांगितली तरी तिला हवी असते. मी घरी सांगितलं होतं की मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. स्थळं येत होती. बस चालवते म्हटलं असतं तर आत्याने फोनवरच रडून घेतलं असतं. आईला मी सकाळी डबा भरून निघताना दिसायचे, युनिफॉर्मवर जॅकेट घातलेली. तुला मी याची काही कल्पना दिली नव्हती. तू आईला भेटायला आलीस, तिच्यासाठी तुझी ती लाल मिरचीची चटणी घेऊन आलीस, आईने चाखून 'हा तर आमचा ठेचाच की' म्हटलं, आणि मी कामावर गेले आहे हे कळल्यावर तू म्हणालीस, चला, लेकीच्या बसमधून फिरून येऊ. आईला इंग्रजी बेताचं. तिला फक्त बस कळलं.

स्टेशनसमोर दार उघडलं आणि पायरीवर आई उभी. मागे तू, हसत. मला खाली उतरून पळून जावंसं वाटलं. आईने मला पाहिलं, स्टिअरिंग पाहिलं, परत मला पाहिलं. मग ती पहिल्या सीटवर जाऊन बसली, पदर सावरून. अख्खी फेरी ती माझ्या हातांकडे बघत होती. प्रत्येक स्टॉपला लोक उतरताना थँक यू म्हणायचे, काहीजण माओरीतला नमस्कार, किया ओरा, म्हणून चढायचे, आणि आई दर वेळी मान हलवायची, जणू ते तिलाच म्हणताहेत. शेवटच्या स्टॉपला गाडी रिकामी झाली तेव्हा ती म्हणाली, "एवढी मोठी गाडी वळवतीस व्हय गं? आणि मला सांगितलंबी न्हाईस." पुढे तिने डोळे पुसले. तू घाबरलीस, तुला वाटलं तू काहीतरी भलतंच केलंस. अगं, त्याहून चांगलं माझ्यासाठी कुणी काही केलेलं नाही. त्या रात्री आईने आत्याला स्वतः फोन लावला आणि ती बस केवढी लांब आहे ते सांगितलं.

मग तुम्ही दोघी मैत्रिणी झालात. मी मध्ये बसून इकडचं तिकडे करायचे. आई अंगणवाडी सेविका. पोरांना शिकवायचं, खाऊ घालायचं, वजनं करायची, गावभर फिरून बाळंतिणींची खबर ठेवायची, आणि सरकार याला पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं. तो शब्द तुला समजावताना माझी पुरेवाट झाली. समजला तेव्हा तू टेबलावर हात मारलास. म्हणालीस, आमच्याकडे लग्नाचं सामान आणि तुमच्याकडे मान, काम मात्र कुणी म्हणायचं नाही. आईने सांगितलं की मुंबईला मोर्चाला जायचं तर आम्ही आदल्या दिवसापासून पाणी पिणं बंद करायचो, मैदानात बायकांची सोय नसायची. तू माझ्याकडे बघितलंस. मला हे माहीत नव्हतं. चौतीस वर्षं तिची लेक होते, तिने कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. ते मला तुझ्यामुळे कळलं.

आईने आमच्या गावच्या सरपंचबाईंची गोष्टही त्याच दिवशी सांगितली आणि आपल्या भांडणाला नवं इंधन मिळालं. जागा बायकांसाठी राखीव, म्हणून बाई सरपंच. पण मीटिंगला जायचा तिचा नवरा, सही करायचा तिचा नवरा, लोक त्यालाच सरपंच म्हणायचे. मी म्हटलं, बघ, राखीव जागेचं हे असं होतं. ट्युनिशियातल्या तुमच्या युनियनच्या वरच्या कमिटीत बायकांसाठी जागा राखल्याची बातमी आली तेव्हा तू दिवसभर रडत हसत होतीस, ते मला कधी पटलं नव्हतं. तू आईला विचारलंस, त्या बाईनंतर कोण आलं? आई म्हणाली, तिच्यानंतरची बाई स्वतः जायची मीटिंगला. आणि तिच्या नंतरची तर तहसीलदाराशी भांडायची. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी चहा करायला उठले.

मग तुझं दुखणं निघालं. पोटाचा कॅन्सर, आणि फार उशिरा कळलेला. तू सगळ्यांना स्वतः सांगितलंस, ग्रॅहमलासुद्धा, ड्रायव्हरच्या खोलीत चहा पिता पिता. तुझा नवरा रिदा हॉटेलातून लवकर घरी यायला लागला. तो तिथे शेफ, पण तुझ्यासाठी रांधलेलं तुला जाईना आणि तो ते तसंच भांड्यात ठेवून तुझ्या शेजारी बसून राहायचा. मी सुट्टीच्या दिवशी यायचे. तुझे केस विंचरायला कुणी हवं असलं तर तू मला हाक मारायचीस, कारण इनेसच्या हाताला घाई आहे म्हणे.

शेवटच्या त्या दुपारी तू उशीला टेकून बसली होतीस. डेपोच्या कमिटीत आता एक जागा बायकांसाठी राखीव असणार असं ठरलं होतं आणि तुला वाटत होतं मी त्या जागेसाठी उभं राहावं. मी म्हटलं, उभी राहीन तर सगळ्यांसाठीच्या जागेवर. राखीव जागेवर बसले तर हे लोक मला टॉयलेटवाली म्हणतील आणि बाकी कुठल्या विषयात बोलू देणार नाहीत. तू म्हणालीस, आधी आत बस, मग कुठल्याही विषयात बोल. मी म्हटलं, आणि त्या जागेवर बाई बसली की उरलेल्या सगळ्या जागा पुरुषांच्या असं हे धरून चालतील. तू म्हणालीस, तू हरशील. मी म्हटलं, तूही हरली होतीस. तुला बोलताना धाप लागत होती आणि मी थांबायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण तुझे डोळे असे चमकत होते नजवा, मला माहीत होतं की मी थांबले असते तर तुला जास्त लागलं असतं. तू म्हणालीस, उद्या ये, तुला याचं उत्तर देते. दुसऱ्या दिवशी तू झोपेतच होतीस आणि त्यानंतर जागी झाली नाहीस.

काय उत्तर देणार होतीस, यावर मी बस चालवताना विचार करत असते. दोन-तीन सापडली आहेत. तुझं त्याहून बरं असणार.

तुला टेकडीवरच्या कबरस्तानात ठेवलं त्या दिवशी दक्षिणेचा वारा हाडात शिरत होता. पुरुष पुढे होते, आम्ही बायका मागे, थोड्या अंतरावर. माझे वडील गेले तेव्हा मी इथे होते, आणि तिथे असते तरी घरातच बसले असते. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मी कुणाला शेवटचं असं पोहोचवलंच नव्हतं. माती द्यायला सुरुवात झाली तेव्हा इनेस आमच्यातून निघाली आणि सरळ पुढे गेली. मला वाटलं कुणी अडवेल. इमामसाहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि ते एक पाऊल बाजूला झाले. रिदाने तिच्या हातात माती दिली. मग तिने मागे वळून आम्हाला बोलावलं. मी गेले. डेपोतल्या सगळ्याजणी गेल्या, युनिफॉर्ममध्ये. ओली, थंड माती होती. मी ती हातात धरली आणि तुझ्यासाठी कबरीत सोडली, आणि खरं सांगते, थोडी माझ्या वडिलांसाठीसुद्धा. तू रागावणार नाहीस. एवढी मोकळी जागा तू मला नेहमीच दिलीस.

काल मी नाव दिलं. सगळ्यांसाठीच्या जागेवर. राखीव जागेसाठी सीनाने दिलं. ती सामोआची पोरगी, डेपोत येऊन सहा महिने झाले तिला, रेडिओवर आपल्या कुणाहीपेक्षा मोठ्याने बोलते. माझ्या अर्जावर अनुमोदक लागत होता. मी ग्रॅहमकडे गेले. ती जागा इतकी वर्षं त्याची आहे आणि या वेळीही तो उभा आहे. त्याने अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला.

"नजवाने तुला राखीवसाठी सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"मला तिचं पटलं नाही."

तो बराच वेळ हसत होता. मग त्याने सही केली, स्वतःच्याच विरोधात, आणि म्हणाला की तिचं मलाही कधी पटलं नाही आणि शेवटी दर वेळी मी तिने सांगितलेलंच करून बसायचो.

मतदान पुढच्या आठवड्यात आहे. हरले तर तुझं बरोबर होतं, जिंकले तर माझं. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, हरलीस तर परत उभी राहा. तिचं आणि तुझं नेहमीच जमायचं.

— अश्विनी